किबिनची मुरड

लिथुआनियाची राजधानी विल्नियस. तिथून पश्चिमेला साधारण 28 किलोमीटरवर त्राकाय हे तळ्यांनी वेढलेले गाव आहे. तळ्यातल्या बेटावर लाल विटांचा किल्ला आणि काठावर जुनी लाकडी घरे. यातल्या अनेक घरांना रस्त्याच्या बाजूने तीन खिडक्या असतात. एक देवासाठी, एक घरच्यांसाठी आणि एक राजा वितौताससाठी, असे तिथे सांगतात. ज्याच्या नावाने घरात खिडकी ठेवली, त्या राजानेच या लोकांना इथे आणून वसवले होते. हे लोक म्हणजे कराइम, आणि त्यांच्या घरचा पदार्थ म्हणजे किबिन.

किबिन समोर ठेवला तर मराठी माणूस त्याला करंजीच म्हणेल. तसाच अर्धचंद्र, कडेला तशीच दोरीसारखी मुरड. फरक आत आहे. खोबरे-साखरेच्या जागी बारीक चिरलेले मटण आणि कांदा. शिवाय किबिन तळत नाहीत, भट्टीत भाजतात.

आता तुम्ही विचाराल, बर्फाच्या देशात मटणाची ही करंजी आली कुठून? वितौतास हा 1392 ते 1430 या काळात लिथुआनियाचा सत्ताधीश होता. काळ्या समुद्राकडच्या मोहिमांनंतर, 1397-98 च्या सुमारास, त्याने क्रिमियातून काही शे कराइम कुटुंबे आणली, अशी परंपरा आहे. त्याच काळात तातार मुसलमानही आले आणि 1410 च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत वितौतासच्या बाजूने लढले. कराइमांनी किल्ल्याची राखण केली, शेती केली, व्यापार केला. 1441 मध्ये त्यांना स्वतःचा कारभार पाहण्याची सनद मिळाली.

कराइमांचा धर्म आणि भाषा यांची सांगड मोठी नवलाची आहे. ते तोरा, म्हणजे मोझेसचा ग्रंथ, मानतात. पण त्यावरचा तालमूद हा ज्यू धर्मपंडितांचा ग्रंथ मानत नाहीत. भाषा मात्र तुर्की कुळातली. प्रार्थनामंदिराला ते केनेसा म्हणतात. डुक्कर निषिद्ध, म्हणून सारणात मटण. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये’ या तोरातल्या आज्ञेवरून तालमूद मानणाऱ्या ज्यूंनी मांस आणि दूध एकत्र करणेच वर्ज्य केले. किबिनच्या मैद्यात मात्र लोणी आणि आंबट साय पडते, आत मटण असते. धर्मशास्त्रातला एवढा मोठा भेद एका करंजीत दिसावा, याची गंमत वाटते.

घरी करायचा तर अवघड काही नाही. अर्धा किलो मैद्यात दोनशे ग्रॅम थंड लोणी चोळावे. त्यात एक अंडे, मीठ आणि दोनशे ग्रॅम आंबट साय घालून गोळा मळावा. साय नसेल तर टांगलेले घट्ट दही चालते. गोळा तासभर गारव्याला ठेवावा. थोडी चरबी असलेले अर्धा किलो मटण सुरीने बारीक चिरावे. यंत्राचा खिमा नको, त्याचा लगदा होतो. त्यात दोन-तीन कांदे, मीठ, मिरपूड आणि चार चमचे पाणी. सारण शिजवायचे नाही. कच्चेच भरायचे, म्हणजे त्याचा रस आतच राहतो. पुरीएवढी पारी लाटून सारण भरावे, कड मुरडावी, वरून अंडे फासावे आणि वाफ जायला एक भोक ठेवावे. भट्टीत 180 अंशांवर चाळीसएक मिनिटे, मटण पूर्ण शिजेपर्यंत भाजावे. सोबत कढत रस्सा घ्यावा. मुरड सैल पडली तर रस बाहेर येतो. ज्या घरात मुरडीचे कानवले होतात, तिथल्या बायकांना हे वेगळे शिकवायला नको.

कराइमांबरोबर आलेल्या तातारांकडे माझे लक्ष जास्त जाते, कारण मी मुसलमान आहे आणि मराठीत लिहितो. तातारांनी धर्म राखला, भाषा मात्र शेजाऱ्यांची घेतली. बेलारूसी आणि पोलिश भाषा अरबी लिपीत लिहून त्यांनी आपली धर्मपुस्तके तयार केली. कराइमांनी दोन्ही राखले. यात कोण बरोबर, कोण चूक, असा न्याय मी करणार नाही. शेजाऱ्याची भाषा घेणे म्हणजे आपले काही गमावणेच, असे मला वाटत नाही. पण जिने दुसऱ्या कुणाचे काही हिरावले नाही, ती भाषा संपू लागली की दुःख होते.

‘तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न या लोकांना 1941 मध्ये जिवावर बेतेल असा विचारला गेला. कराइम वंशाने ज्यू नाहीत, असा अभिप्राय बर्लिनच्या एका सरकारी कार्यालयाने जानेवारी 1939 मध्येच दिला होता. तरी चौकशी थांबली नव्हती. वॉर्सा घेट्टोत कोंडलेल्या मेयर बालाबान आणि इत्झहाक शिपर या ज्यू इतिहासकारांनाही मत विचारले गेले. कराइम ज्यू नाहीत, असेच त्यांनी सांगितले. त्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून होते. बालाबान 1942 मध्ये घेट्टोत वारले, शिपर 1943 मध्ये मायदानेकच्या छावणीत गेले.

कराइम वाचले. त्यांचे शेजारी वाचले नाहीत. 30 सप्टेंबर 1941 रोजी त्राकायमध्ये जर्मनांनी आणि त्यांच्या स्थानिक हस्तकांनी 1,446 ज्यूंना ठार केले. त्यात 597 मुले होती. हा हिशेब मारणाऱ्यांनीच लिहून ठेवला आहे. एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दोन समाजांत एक कागद आडवा आला. त्राकायच्या तळ्याकाठी किबिन खाणाऱ्या प्रवाशाला हेही ठाऊक असावे.

आज किबिन सगळ्या लिथुआनियाचा झाला आहे. कोंबडीचा, चीजचा, पालकाचा, इतकेच काय, डुकराच्या मांसाचाही किबिन दुकानात मिळतो. कराइम भाषेत एक असेल तर ‘किबिन’, अनेक असतील तर ‘किबिनलार’. लिथुआनियन भाषेत त्याचे ‘किबिनाय’ झाले. पदार्थ पसरला आणि त्याच्या शब्दाला दुसऱ्या भाषेचा प्रत्यय लागला. 2011 च्या जनगणनेत लिथुआनियात 241 कराइम होते. त्यांतले घरात कराइम बोलणारे फारच थोडे. त्राकायचे धर्मगुरू शिमोन फिर्कोविच (1897-1982) याच भाषेत कविता लिहीत. इतक्या थोड्या वाचकांसाठी लिहिणाऱ्या कवीचे धैर्य मला मोठे वाटते.

उर्दूत ‘जबान’ म्हणजे जीभही आणि भाषाही. कराइम भाषेतल्या ‘तिल’ या शब्दाचेही तसेच आहे. पण चवीची जीभ शेजारी आनंदाने उसनी घेतात, बोलण्याची जीभ घेत नाहीत. म्हणून पदार्थ टिकला की समाज टिकला, असे समजून आपण निर्धास्त होऊ नये. चव टिकवायला भट्टी पुरते. भाषेला मात्र घरात बोलणारी आई आणि उत्तर देणारे मूल, दोघे लागतात.

तेव्हा कधी घरी करून पाहिलात, तर त्याला मटणाची करंजी म्हणू नका. ताटात एक असेल तर किबिन म्हणा, अनेक असतील तर किबिनलार. एका लहानशा भाषेतले अनेकवचन तेवढेच आपल्या तोंडी राहील.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)