तेच यंत्र, निराळे मोल

दुर्मीळ मनगटी घड्याळांना लिलावात कोट्यवधींच्या बोली का लागतात, असे विचारले की बहुतेक जण घड्याळाच्या आतल्या गुंतागुंतीकडे बोट दाखवतात. हे उत्तर अपुरे आहे. ते तपासून पाहण्यासाठी जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीचे १५१८ क्रमांकाचे मॉडेल फार उपयोगी पडते. ते १९४१ साली बाजारात आले आणि १९५४पर्यंत त्याची २८१ घड्याळे बनली. सगळ्यांचे यंत्र एकाच रचनेचे, तरीही त्यांच्या लिलावातील किमतींत कित्येक पटींचा फरक पडतो. तेव्हा हा फरक घडवणारे कारण यंत्राबाहेर शोधले पाहिजे.

त्याआधी काही गाजलेले आकडे बाजूला ठेवू. २०१९ साली जिनिव्हात पाटेक फिलिपचे ‘ग्रँडमास्टर चाइम’ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेले. पण तो ‘ओन्ली वॉच’ हा धर्मादाय लिलाव होता आणि पैसा ड्युशेन या स्नायूंच्या आजारावरील संशोधनासाठी होता. त्या रकमेत देणगी किती आणि किंमत किती, हे वेगळे काढता येत नाही. २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला विकली गेलेली रोलेक्स डेटोना नट पॉल न्यूमनच्या मनगटावरची होती. तिच्या किमतीवरून त्याच्या लोकप्रियतेबद्दल पुष्कळ कळते, घड्याळांच्या बाजाराबद्दल थोडेच.

आता १५१८चे यंत्र. वेळ दाखवण्यापलीकडच्या प्रत्येक कामाला या धंद्यात ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. इथे तशी दोन मोठी कामे एकत्र आली आहेत: क्रोनोग्राफ, म्हणजे हवे तेव्हा चालू-बंद करता येणारी वेळमोजणी, आणि ‘पर्पेच्युअल कॅलेंडर’, म्हणजे महिना २८, २९, ३० की ३१ दिवसांचा हे स्वतःच ओळखणारे दिनदर्शक. हा जोड असलेले, मालिकेने बनवून विकलेले जगातले पहिले मनगटी घड्याळ हेच. अशा दिनदर्शकाच्या एका प्रचलित रचनेत चार वर्षांत एक फेरा पूर्ण करणारी चकती असते. तिच्या कडेला ४८ महिन्यांच्या ४८ जागा. ३१ दिवसांच्या महिन्याला कड पूर्ण उंच, ३० दिवसांच्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल खाच, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्याहून किंचित कमी खोल. एका तरफेचे टोक या कडेवर टेकते. महिनाअखेरीस ते जितके खोल उतरेल, तितक्या जास्तीच्या तारखा ती एका झटक्यात ओलांडते. म्हणजे चार वर्षांचे पंचांग धातूच्या एका कडेवर कोरलेले असते! शतकी वर्षाचा अपवाद मात्र तिला ठाऊक नाही. २१०० हे लीप वर्ष नसेल, त्यामुळे त्या वर्षी १ मार्चला तारीख हाताने सुधारावी लागेल. हे सगळे सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाच्या केसमध्ये, क्रोनोग्राफच्या जोडीला बसवायचे आणि तरीही मुख्य स्प्रिंगची शक्ती पुरवून न्यायची, हे कौशल्य थक्क करणारे आहे.

पण ते २८१ घड्याळांत सारखेच आहे.

पहिला फरक धातूचा. इतके महागडे यंत्र घेणारा गिऱ्हाईक साहजिकच सोन्याची केस मागे. स्टीलची फक्त चार घड्याळे ज्ञात आहेत. त्यांतले एक नोव्हेंबर २०१६मध्ये फिलिप्स या लिलावगृहाच्या जिनिव्हातील लिलावात १ कोटी १० लाख २ हजार फ्रँकला गेले, आणि तेच २०२५मध्ये १ कोटी ४१ लाख ९० हजारांना. स्वस्त धातूने सोन्याला मागे टाकले, कारण बोली धातूच्या वजनावर लागत नाही. चारच नग आणि ते हवे असणारे अनेक, एवढे साधे गणित आहे.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आणि डोळ्याला सहज न दिसणारा: घड्याळाला किती हात लागले आहेत. त्या काळातील पाटेकच्या उत्तम तबकड्यांवर नाव आणि आकडे आधी कोरले जात, खाचांत एनॅमल भरून भट्टीत भाजले जाई. पुढे तबकडी काळवंडली की दुरुस्ती करणारा ती घासून उजळवी. दर घासणीला अक्षरे बारीक होत जातात, ‘जिनिव्हा’च्या फ्रेंच अक्षरांवरचे स्वरचिन्ह आधी नाहीसे होते. म्हणून जाणकार भिंगातून एनॅमल अजून उठावदार आहे का, हे पाहतो. साधारण १९४८पर्यंत तबकडीवर ‘पाटेक, फिलिप अँड कं.’ असे लांब नाव असे, नंतर आखूड झाले. १९४४च्या केसमध्ये आखूड नावाची तबकडी दिसली, तर ती नंतर बदललेली असण्याची शंका घ्यावी. केसचेही तसेच. पॉलिशने सोने झिजते, पट्टा अडकवायच्या पायांच्या कडा बोथट होतात, शिक्के पुसट होतात. झिजलेला धातू परत येत नाही. डागाळलेली पण मूळची तबकडी मला नव्याने उजळवलेल्या तबकडीपेक्षा नेहमीच श्रेष्ठ वाटते, आणि जाणत्या बोलीदारांचा कलही तिकडेच असतो.

तिसरा भाग कागदपत्रांचा. पाटेक आपल्या दफ्तरातून उतारा देते. त्यात यंत्राचा आणि केसचा क्रमांक, बनल्याचे वर्ष आणि विक्रीची तारीख असते. हा उतारा सातबाऱ्यासारखा आहे: नोंद सांगतो, जमिनीचा कस सांगत नाही. तबकडी पुन्हा घडवली आहे का, काटे बदलले आहेत का, याबद्दल तो मूक असतो. केवळ नोंदींवर विसंबण्यातला धोका ओमेगा स्पीडमास्टरच्या प्रकरणाने उघड केला. १९५७चे म्हणून मांडलेले एक घड्याळ २०२१मध्ये जिनिव्हात ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकला गेले. अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजारांचा होता. खरेदी खुद्द ओमेगाच्या संग्रहालयासाठी झाली होती. २०२३मध्ये कंपनीने जाहीर केले की ते वेगवेगळे, बहुतांशी अस्सल भाग जुळवून उभे केलेले होते आणि त्यात तिचेच माजी कर्मचारी गुंतले होते. सुटे भाग अस्सल आणि घड्याळ बनावट, अशी ही स्थिती. म्हणून तबकडी, काटे, केस आणि यंत्र हे सगळे एकाच वयाचे, एकत्रच म्हातारे झालेले आहेत का, हे कागदाआधी वस्तूत पाहायला हवे.

बोलीदाराने लिलावाआधीच्या प्रदर्शनात घड्याळ हातात घ्यावे, मागचे झाकण उघडून दाखवायला सांगावे आणि स्थितीचा लेखी अहवाल मागवावा. हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क चढते आणि प्रसिद्ध होणाऱ्या किमतीत ते सहसा धरलेले असते, हे बोलीची मर्यादा ठरवतानाच लक्षात ठेवावे.

खरेदीनंतरचा प्रश्न दुरुस्तीचा. कपाटात पडून तेल सुकते, मग कोरड्या आसांवर यंत्र चालवले की ते झिजते. म्हणून यंत्र उघडून साफ करणे टाळता येत नाही. मात्र दुरुस्तीला देतानाच लेखी बजावावे: तबकडी आणि काट्यांना हात लावायचा नाही, केसला पॉलिश करायचे नाही, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पुडीत घालून परत द्यायचा.