आखाजीचं साल आणि फुटबॉलचा बाजार

जून उजाडला की युरोपातल्या फुटबॉल क्लबांचा बाजार भरतो. कोणता खेळाडू कोणता क्लब सोडणार, कोणत्या मॅनेजरनं कोणाला मागितलं, याची चर्चा ऑगस्टअखेरपर्यंत चालते. 2017 च्या उन्हाळ्यात नेमार बार्सिलोना सोडून पॅरिसच्या क्लबात गेला, तेव्हा त्याच्यापोटी 22 कोटी 20 लाख युरो मोजले गेले. हे आकडे आता जळगाव-धुळ्याच्या पोरांनाही तोंडपाठ असतात. मला मात्र ते ऐकताना आपली आखाजी आठवते.

खानदेशात सालदाराचं साल आखाजी ते आखाजी. वैशाखात रब्बीचं धान्य घरात आलेलं असतं, शेत मोकळं असतं आणि मृगाच्या आधी मशागत उरकायची असते. माणूस बदलायचा तर हीच वेळ. म्हणून एकीकडे माहेरवाशिणींचे झोके चढत, सांजोऱ्या तळल्या जात, आणि दुसरीकडे ओट्यावर बसून साल ठरत असे. रोख किती, दादर किती, कपडे-जोडे कोणते, आणि उचल किती, हे सगळं तोंडी. कागद नाही, दिलेला शब्द हाच करार.

माझं बालपण धुळे जिल्ह्यातल्या खेड्यात गेलं. आमच्या मोहल्ल्यातले काही चाचाही सालदार होते. त्यांच्या वर्षाचा हिशेब ईदेला नव्हे, आखाजीला पुरा व्हायचा. चांगल्या नांगऱ्याला दोन-तीन घरचे निरोप यायचे. तो लगेच हो म्हणत नसे. चहा पिऊन ‘पाहू’ म्हणायचा. त्या एका शब्दात त्याची वर्षभराची पत असे.

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. तिथं बैलाला कुणी विचारत नाही आणि पैसे जातात जुन्या धन्याला. ओट्यावरचा सालदार मात्र स्वतःचा भाव स्वतः सांगायचा. हा फरक लक्षात ठेवून फुटबॉलचा इतिहास पाहावा.

इंग्लंडमध्ये 1885 साली पैसे घेऊन खेळायला मान्यता मिळाली. पुढं 1893 पासून क्लबांनी असा नियम केला की करार संपला तरी क्लबनं सोडल्याशिवाय खेळाडूनं दुसरीकडे जायचं नाही. वर 1901 पासून आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड पगाराची मर्यादा. पण 1905 साली आल्फ कॉमन हा खेळाडू संडरलंडहून मिडल्सबरोला गेला तो हजार पौंडांना, आणि ते हजार पौंड मिळाले संडरलंडला. 1928 साली आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन डेव्हिड जॅकला मिळवायला बोल्टनच्या मंडळींशी बोलणी करायला बसला. त्यानं वेटरला आधीच बजावून ठेवलं होतं, की पाहुण्यांच्या पेल्यात दुप्पट दारू आणि माझ्या पेल्यात थेंबही नको, असं सांगतात. आपल्या बैलबाजारातल्या दलालानंही कान पकडावेत!

ही गाठ खेळाडूंनीच सोडवली. पगाराची मर्यादा 1961 साली उठली. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमनं नवा करार नाकारला, क्लब सोडेना, तेव्हा त्यानं खेळ थांबवून दुसरी नोकरी धरली. 1960 साली तो आर्सेनलला गेला, तरी खटला सोडला नाही, आणि 1963 साली न्यायालयानं अशी अडवणूक अन्यायाची ठरवली. तरीही करार संपलेल्या खेळाडूवर पैसे मागणं चालूच राहिलं. ते बंद झालं बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनमुळे. 15 डिसेंबर 1995 च्या निकालानं युरोपीय संघातला खेळाडू करार संपल्यावर दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबात विनामूल्य जाऊ लागला. बोसमनची स्वतःची कारकीर्द मात्र त्या खटल्यातच विरली.

म्हणजे आपला सालदार सुखी होता, असं मी म्हणत नाही. त्याच्या पायात दुसरी दोरी होती, उचलीची. लेकीचं लग्न, आजारपण, यासाठी घेतलेली रक्कम सालात फिटली नाही, की आखाजी येऊनही तो तिथंच. पुष्कळांचं एक साल दहा साल झालं. नवा धनी जुनी उचल फेडायचा तेव्हाच सुटका, पण ती रक्कम नव्या खात्यावर चढायची. क्लबांनी जे नियमानं केलं, ते इथं कर्जानं केलं. देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला तो 1976 साली.

आता वारं फिरलंय. पोरं शहराकडे गेली, ट्रॅक्टर आले, आणि रावेर-यावलच्या केळीबागांपासून पांझरेच्या काठापर्यंत मालकच सालदार शोधत हिंडतात. साल लाखाच्या पलीकडे गेल्याच्या बातम्या आखाजीच्या सुमारास छापून येतात, आणि काही जणांना ते महाग वाटतं. मला विचाराल तर भाव किती, हा प्रश्न नंतरचा. साल संपलेल्या सकाळी माणूस कुणाची परवानगी न मागता आपलं घोंगडं खांद्यावर टाकून निघू शकतो का, हे आधी पाहावं. खेळाडूचं मोलही तिथूनच मोजायला लागावं आणि सालदाराचंही.