स्क्रीनरीडरला 'सोलापूर' का वाचता येत नाही?

पीएच.डी.च्या तयारीबद्दल लिहिताना आपण विषयनिवड, आराखडा, संदर्भ यांवर बोलतो. आज टायपिंगबद्दल बोलू. विषय किरकोळ वाटेल, पण तुमचा प्रबंध कोणाकोणाला वाचता येईल हे बरंचसं त्यावर ठरतं.

समजा, तुम्ही सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवर काम करताय. एका जुन्या मराठी प्रबंधाची फाईल मिळाली. अक्षरं अगदी स्वच्छ. पण फाईलमध्ये 'सोलापूर' शोधलं, तर एकदाही सापडत नाही! आता तीच फाईल एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याने उघडली. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा त्याचा स्क्रीनरीडर इंग्रजी अक्षरं वाचू लागतो : एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे. कृतिदेव फॉन्टमध्ये 'सोलापूर' असंच साठवलेलं असतं.

असं का? याचं मूळ टाइपरायटरमध्ये आहे. टाइपरायटरवर 'कि' उमटवताना आधी वेलांटी आणि मग 'क' दाबायचा, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. कागद फक्त डोळ्यांसाठी होता, त्यामुळे तिथे काही बिघडत नव्हतं. संगणक आल्यावर कृतिदेवसारख्या फॉन्टनी तीच सवय उचलली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. दिसतं 'कि', पण आत साठतं 'एफ' आणि 'डी'. स्क्रीनरीडर आकार बघत नाही, आत साठवलेलं वाचतो.

खरं तर योग्य वाट आधीच माहीत होती. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये 'कि' लिहिताना आधी 'क' येतो, मग इकार, म्हणजे जसं बोलतो तसं. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकातही हाच क्रम होता, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. मग जुने फॉन्ट टिकले कसे? विंडोज ९५ आणि ९८ मध्ये युनिकोड देवनागरीची सोय नव्हती, ती विंडोज २००० पासून आली. छपाईसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेजमेकरला तर ती कधीच जमली नाही. छापखान्याला जुना फॉन्ट लागायचा, म्हणून टायपिस्ट तोच शिकायचा, आणि प्रबंधही त्याच्याकडेच टाइप व्हायचे.

२००६ मध्ये एनव्हीडीए या मोफत स्क्रीनरीडरचं काम सुरू झालं आणि महागडं सॉफ्टवेअर न परवडणाऱ्यांसाठी दार उघडलं. तरी मराठीची एक अडचण उरतेच. लिपी देवनागरी असली की मजकूर हिंदी समजून हिंदी आवाजात वाचला जाऊ शकतो. 'हे जग' आणि 'तू जग' यांतल्या दोन 'ज'चे उच्चार वेगळे आहेत, हे त्या आवाजाला कुठून कळणार? आपल्या सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांतली साधनं एकाच प्रबंधात येतात. कुठला मजकूर कुठल्या भाषेतला, हे फाईलमध्ये नोंदवलं नाही तर ऐकणाऱ्याचा गोंधळ ठरलेला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती सुगम स्वरूपात मिळण्याची तरतूद आहे. पण तुमचा प्रबंध शोधगंगेवर गेला आणि ती पानांची नुसती स्कॅन केलेली चित्रं असली, तर स्क्रीनरीडरसाठी ती कोरी पानंच!

म्हणून पहिल्या प्रकरणापासून एवढं करा. युनिकोडमध्येच टाइप करा. शीर्षकांना वर्डमधल्या हेडिंग स्टाइल द्या, नुसतं ठळक करून थांबू नका. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडा. पीडीएफ थेट वर्डमधून काढा, छापून स्कॅन करू नका. पीडीएफ बनवताना युनिकोड मजकुराचीही मोडतोड होऊ शकते, म्हणून एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका आणि बघा. वेलांट्या जागेवर आहेत का? जोडाक्षरं शाबूत आहेत का? नसतील तर मूळ वर्ड फाईलही जपून ठेवा आणि मागणाऱ्याला द्या.

शेवटी एनव्हीडीए सुरू करा, पडदा बंद करा आणि स्वतःच्या प्रबंधाची दोन पानं ऐका. जिथे तुम्ही अडाल, तिथे तुमचा दृष्टिहीन वाचकही अडणार. ते आजच दुरुस्त करा, व्हायव्हानंतर कोणी करत नाही.