धावण्याचा टाइम अचानक भारी आला? कारण असं शोधा

चंद्रपूर-गडचिरोलीत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी बरीच पोरं पोलीस भरतीची तयारी करत असतात. मुलांच्या १६०० मीटरला ५ मिनिटं १० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आला तर पूर्ण २० गुण, पुढच्या २० सेकंदांच्या टप्प्याला १८. त्यामुळे रोज ५:३० च्या आसपास येणाऱ्याला एके दिवशी अ‍ॅपवर ५:१८ दिसले, तर झोप उडणारच. पण ते कशामुळे आले हे कळलं नाही, तर भरतीच्या दिवशी परत आणणार कसं? आणि श्रेय भलत्यालाच जातं: नवे बूट, एनर्जी ड्रिंक, नाहीतर कुणीतरी दिलेलं इंजेक्शन.

आमच्या कामात एखादा प्रोग्रॅम अचानक फास्ट चालला की आधी घड्याळ तपासतात, मग कोड. इथेही तोच क्रम ठेवा.

आधी अ‍ॅप

फोन अंतर थेट मोजत नाही. साधारण दर सेकंदाला तो तुमची जागा ठरवतो आणि ते ठिपके जोडत जातो. दाट झाडीत सॅटेलाइटचा सिग्नल पानांमुळे कमजोर होतो, खोडांवर आपटून उशिरा येतो, आणि ठिपके इकडेतिकडे पडतात. नागमोडी रेषा सरळ रेषेपेक्षा लांब असते. म्हणजे तुम्ही १५४० मीटर धावलात तरी अ‍ॅप १६०० म्हणू शकतं. ५:३० च्याच वेगाने १५४० मीटर होतात ५:१८ मध्ये. बारा सेकंद तिथेच सापडले! सागाची पानं उन्हाळ्यात गळतात आणि पावसाळ्यात भरगच्च असतात, म्हणून एकाच रस्त्यावर एप्रिल आणि ऑगस्टचे आकडे वेगळे येऊ शकतात.

ऑटो-पॉज चालू असेल तर थांबलेला वेळ गाळला जातो, तेही बघा. भामरागडकडे जिथे डेटा मिळत नाही, तिथे फोनला सॅटेलाइटच्या कक्षेची माहिती थेट सॅटेलाइटकडूनच घ्यावी लागते. त्याला निदान अर्धा मिनिट द्या, मगच स्टार्ट दाबा.

खरा टाइम हवा असेल तर ४०० मीटरचा ट्रॅक आणि साधं स्टॉपवॉच. भरतीत पायाला चिप बांधून वेळ घेतात, तिचा जीपीएसशी काहीच संबंध नाही. ट्रॅकवरही एक गंमत आहे: दुसऱ्या लेनचा एक राउंड सुमारे ४०७ मीटरचा असतो. गर्दीमुळे नेहमी बाहेरून धावणारा एके दिवशी आतून धावला, तर चार राउंडमध्ये २८ मीटर, म्हणजे जवळपास सहा सेकंद वाचतात.

मग तो दिवस

मोजणी बरोबर निघाली तर हवा आणि सोबत बघा. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसचा धावपटू. नोव्हेंबर २०२० मध्ये तो दिल्ली हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावला आणि ६१ मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय ठरला. हा त्याचा मुख्य प्रकार नव्हताच! त्याची ताकद होतीच, पण दिवसही साथ देणारा होता: थंडीचे दिवस, सपाट रस्ता, आणि पुढे ५८:५३ मध्ये जिंकणारा इथिओपियाचा अमदेवर्क वालेलेन. पुढे कुणी असलं की वेग ठरवण्याची कटकट आणि वारा दोन्ही कमी होतात. तुमच्या त्या भारी दिवशी पुढे कोण होतं, आठवा. पहिला राउंड नेहमीसारखा सुसाट गेला की जरा हळू, हेही बघा. चारही राउंड सारखे गेले तर टाइम बहुतेक वेळा सुधारतोच.

शेवटी मागचे दोन-तीन आठवडे

खरं उत्तर पुष्कळदा इथे असतं. सरावाने ताकद वाढते आणि थकवाही वाढतो, आणि थकवा ताकदीला झाकून ठेवतो. ताप आला, परीक्षा आली, आठवडाभर धावणं कमी झालं की थकवा आधी उतरतो, ताकद टिकून राहते. मग टाइम पडतो आणि सगळे म्हणतात, "अरे, प्रॅक्टिस न करता कसं काय?"

आपल्याकडचं दुसरं कारण म्हणजे ऊन. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. दहा-चौदा दिवस गरमीत धावलं की रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. मग जूनचा पहिला पाऊस पडून हवा थंड झाली की तेवढ्याच मेहनतीत टाइम सुधारतो. हा फायदा काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून भर दुपारी धावू नका, सकाळची गरमी पुरेशी आहे. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि फक्त वाहक असलेल्यालाही उन्हात जोर लावणं जिवावर बेतू शकतं. रक्ताची तपासणी करून घ्या आणि सरांना सांगून ठेवा.

घड्याळात ठोके दिसत असतील तर तेही बघा. टाइम कमी आणि ठोके नेहमीएवढेच, तर शरीर सुधारलंय किंवा हवेने साथ दिली. ठोकेही जास्त, तर त्या दिवशी तुम्ही जास्त जोर लावलात. मात्र मनगटावरचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतो. आकडा १७०-१८० वर चिकटून बसला तर विश्वास ठेवू नका.

नोट्समध्ये तारीख, तापमान, लेन, सोबत, झोप आणि मागच्या चौदा दिवसांचे किलोमीटर लिहून ठेवा. आठ-दहा दिवसांनी तोच ट्रॅक, तीच वेळ, तेवढीच विश्रांती घेऊन पुन्हा धावा. ५:२० च्या आसपास आलात तर तो टाइम तुमचा. ५:२९ आले, तर दोन्ही दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवा आणि काय बदललं ते शोधा.