दुसरे ग्राफिक्स कार्ड जोडावे की नवे घ्यावे?



घरचा डेस्कटॉप तीन-चार वर्षांचा झाला की एक प्रश्न हमखास पडतो. आहे तसलेच दुसरे ग्राफिक्स कार्ड अकिहाबाराहून स्वस्तात आणून शेजारी बसवावे, की जुने काढून नवे घ्यावे? उत्तर तुम्ही संगणकावर काय करता यावर अवलंबून आहे आणि निशी-कसाईच्या घरांत थोडेसे विजेवरही. दोन्हींची माहिती इथे एकत्र देत आहे.

१. खेळांसाठी

दोन कार्डे जोडण्याची कल्पना जुनी आहे. थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ मध्ये व्हूडू २ साठी एसएलआय आणले. २००४ मध्ये एनव्हिडियाने तेच नाव आपल्या तंत्राला दिले आणि २००५ मध्ये एटीआयचे क्रॉसफायर आले. यात बहुधा एक कार्ड एक फ्रेम काढी आणि दुसरे पुढची. त्यामुळे खेळाची सगळी माहिती दोन्ही कार्डांच्या मेमरीत ठेवावी लागे. म्हणजे ४ जीबीची दोन कार्डे लावली तरी खेळाला मिळत ४ जीबीच. शिवाय फ्रेम समान अंतराने न आल्याने चित्र अडखळे.

आता तर हा मार्ग जवळजवळ बंद झाला आहे. आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल देणे एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून थांबवले. आरटीएक्स ३०९० आणि ३०९० टीआय यांच्यानंतर जीफोर्स कार्डांवर जोडणीची सोयच उरली नाही. डायरेक्टएक्स १२ मध्ये दोन कार्डे वापरता येतात, पण त्यासाठी खेळ लिहिणाऱ्यांना वेगळे काम करावे लागते आणि ते फार थोड्यांनी केले.

थोडक्यात, खेळांसाठी एकच नवे कार्ड घ्यावे.

२. दुसरे कार्ड कुठे उपयोगी पडते?

अ) घरच्या संगणकावर एआय भाषा-मॉडेल चालवणे. इथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात. १२ जीबीची दोन आरटीएक्स ३०६० असतील तर जवळपास २४ जीबीचा उपयोग होतो. मात्र या पद्धतीत कार्डे आळीपाळीने काम करतात, त्यामुळे वेग दुप्पट होत नाही.

आ) ब्लेंडरसारखे रेंडरिंग. इथे वेग चांगला वाढतो, पण संपूर्ण दृश्य प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावायला हवे.

३. वीज आणि उष्णता

आरटीएक्स ३०६० चे रेटिंग १७० वॉट आहे. दोन कार्डांचे ३४० वॉट झाले. १६ जीबीचे एक आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉटमध्ये भागवते. फरक १६० वॉटचा. रोज चार तास पूर्ण भाराने वापर आणि युनिटला ३० येन धरले तर महिन्याला साधारण ५७५ येन जास्त. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होते. ऑगस्टमध्ये सहा तातामीच्या खोलीत ती चांगलीच जाणवते.

जपानमध्ये वीज १०० व्होल्ट आहे. भिंतीवरचे सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड साधारणपणे एकूण १५ अँपियर, म्हणजे १५०० वॉटपर्यंतच असतात. १२०० वॉटचा हीटर आणि दोन कार्डांचा संगणक एकाच बोर्डवर लावू नका. बोर्ड तापून आग लागण्याचा धोका असतो. घराचा वीज करार ३० अँपियरचा असेल तर एसी, मायक्रोवेव्ह आणि राइस कुकर एकदम चालू असताना ब्रेकर पडू शकतो आणि चालू काम जाते.

४. खरेदीआधी तपासा

- मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट आहे का? दिसायला पूर्ण असलेला स्लॉट अनेकदा चारच लेनचा असतो.
- दोन कार्डांमध्ये हवा खेळायला जागा आहे का?
- पॉवर सप्लाय पुरेल का? एका ३०६० साठीच ५५० वॉटची शिफारस आहे. नवा सप्लाय घ्यावा लागला तर "स्वस्त" दुसरे कार्ड स्वस्त राहत नाही.
- कार्ड फार जुने आहे का? जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट येतात.
- "जान्कु" अशी चिठ्ठी लावलेला माल सहसा परत घेतला जात नाही. जुने कार्ड दुकानात विकायचे असेल तर रेसिडेन्स कार्ड बरोबर न्या. ओळख तपासणे दुकानदाराला कायद्याने बंधनकारक आहे.
- संगणक पुढे भारतात नेणार असाल तर पॉवर सप्लायवर १००-२४० व्होल्ट लिहिले आहे ना, ते पाहा. काही जुन्या सप्लायना मागे ११५/२३० चे बटण असते. ते ११५ वर ठेवून भारतात प्लग लावला तर सप्लाय जळतो.

निशी-कसाईहून तोझाई लाइनने कायाबाचो आणि तिथे हिबिया लाइन बदलली की अकिहाबारा. निघण्यापूर्वी कॅबिनेट उघडून स्लॉट आणि पॉवर सप्लायवरचे लेबल यांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या. दुकानात जपानी अडले तरी फोटो दाखवून काम होते.