थेंबाचे मूळ, बसचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे पूर्वज सांगून गेले. गळक्या गिअरबॉक्सबद्दल ते काही बोललेले नाहीत. तेव्हा ते मूळ शोधायला हरकत नसावी. आणि त्यासाठी सणसवाडीइतके योग्य क्षेत्र नाही. कारण ज्या पुणे-नगर रस्त्यावर हे गाव वसले आहे, त्याच रस्त्यावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली. बेडफर्ड कंपनीची, लाकडी बांधणीची, तीस आसनांची, बसायला काथ्याच्या गाद्या. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. एसटीच्या वाढदिवशी ही दोन नावे हमखास निघतात. पण गाडी सुटण्याआधी तिच्याखाली शिरून, काही गळते का ते पाहणारा कोणीतरी असणारच ना? त्याचे नाव मी आजवर कुठे ऐकलेले नाही.

पुढे गाड्या बदलल्या आणि गाड्यांचे जन्मही बदलले. २०१६ पासून पुण्यात जुन्या शहर-बसमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहे थाटली गेली. २०२० च्या टाळेबंदीत एसटीने आपल्याच जुन्या गाड्यांची आसने काढून त्यांचे मालट्रक केले. आमच्या मेहुण्यांनी त्याच सुमारास एका कारखान्याची जुनी कामगार-बस घेतली आणि निवृत्तीच्या पैशांतून तिच्यात दोन पलंग, एक ओटा नि देव्हारा बसवला. भारतभ्रमण करायचे होते. ताईने पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. ती फक्त रोज सकाळी गाडीखालचा ताजा डाग झाडू टेकवून पाहत उभी राही. त्या पाहण्यात सगळे आले!

दोन गॅरेजांत दोनदा ऑइल सील बदलून झाले. डाग कायम. शेवटी कोणीतरी सणसवाडीचा मिस्त्री सुचवला.

मिस्त्रीने आल्या आल्या डागात बोट बुडवले, चोळले आणि हुंगले. अत्तरवाल्याच्या तोंडावर असतो तोच भाव. "काळं असतं तर इंजिनाचं म्हटलं असतं. लाल असतं तर पावर स्टेअरिंगचं. हे मधासारखं, गंधकाचा वास. गिअरबॉक्सच आहे, साहेब."

त्या लाल रंगाचीही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल मुद्दाम लाल रंगवतात, गळले की इतर तेलांतून ओळखू यावे म्हणून. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांच्या स्टेअरिंगमध्ये तेच घालतात. पूर्वी त्या तेलात चक्क स्पर्म व्हेलची चरबी मिसळत. १९७० मध्ये अमेरिकेने हा प्राणी संकटग्रस्त ठरवला, तेव्हा रसायनवाल्यांची पळापळ झाली. म्हणजे कोणाची मोटार गुळगुळीत चालावी म्हणून समुद्रात कोण जीव देत होते बघा!

मिस्त्रीने रॉकेलने गिअरबॉक्स लख्ख पुसला आणि ताईकडे टाल्कम पावडर मागितली. ती सगळीकडे भुरभुरली. गाडी शिक्रापूरपर्यंत जाऊन आली. पांढऱ्या पावडरवर तेलाची वाट स्पष्ट उमटली होती. "डाग खोटं बोलतो. तेल खाली उतरतं, वाऱ्यानं मागं जातं. म्हणून बघायचं वर आणि पुढं." वाट थेट सीलपाशी पोचत होती. मेहुणे खचले. तिसरे सील!

सीलचा इतिहास तसा जुना. जर्मनीत वाइनहाइमच्या एका कातडी कमावणाऱ्या कारखान्यात वाल्टर झिमर नावाच्या इंजिनिअरने १९२९ मध्ये फिरत्या दांड्याभोवती कातड्याची कडी बसवली. १९३६ पासून कृत्रिम रबर आले. म्हणजे वहाण आणि गिअरबॉक्स हे एकाच कुळातले.

"पण सील तर नवं आहे," मिस्त्री म्हणाला, "मग त्याला ढकलतंय कोण?" त्याने गिअरबॉक्सच्या माथ्यावर बोट फिरवले. तिथे एक छोटी टोपी असते, ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, ती इथून बाहेर पडते. घर सजवणाऱ्या कारागिरांनी गंज लागू नये म्हणून बसच्या पोटाला काळा रंग फवारला होता आणि त्यात ब्रीदरचे नाक बुजले होते. कोंडलेली हवा तेलाला सीलच्या ओठातून बाहेर काढत होती. गुन्हा ब्रीदरचा, आणि फाशी दोन निरपराध सीलना! इतिहासात असे खटले कमी नाहीत.

तार, रॉकेल, पाच मिनिटे. कमी झालेले तेल भरले. दुसऱ्या सकाळी जमीन कोरडी. ताईने पहिल्यांदाच विचारले, "आधी कुठे जायचं?"

मिस्त्री ब्रशने गिअरबॉक्सवर तारीख आणि किलोमीटर लिहीत होता. मी म्हटले, "खाली नावही लिहा की." तो हसला.

"नको साहेब. आमचं नाव निघतं ते गाडी बंद पडल्यावरच."

पहिल्या गाडीखालच्या माणसाचे नाव का सापडत नाही, ते मला तेव्हा कळले. ती गाडी बहुधा नीट पोचली होती.