कण्याचे चित्र आणि कण्याची वेदना

कंबरदुखीचा रुग्ण भौतिकोपचारतज्ज्ञाकडे येतो तो पुष्कळदा कण्याचे चित्र हाती घेऊनच. त्या चित्रात दिसणारा दोष हेच वेदनेचे कारण, ही समजूत आज स्वयंसिद्ध वाटते. वस्तुतः ती क्रमाक्रमाने घडत गेली आहे, आणि तिला मर्यादा घालणारा पुरावाही प्रतिमाशास्त्राच्याच इतिहासात सापडतो.

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. अस्थींतील कॅल्शियम हे किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते, म्हणून अस्थी चित्रात पांढऱ्या उमटतात. मणक्यांमधील चकती व मज्जातंतू मात्र त्यात उमटत नाहीत. चकतीच्या जागी दिसते ते केवळ दोन मणक्यांमधील अंतर. ही उणीव भरून काढण्यासाठी फ्रान्समध्ये सिकार व फोरेस्तिए यांनी १९२१-२२ च्या सुमारास कण्याच्या नलिकेत आयोडीनयुक्त तेल सोडून तिचे चित्र घेण्याची पद्धती अवलंबिली. पुढे १९३४ साली बॉस्टन येथील मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की, फुटलेल्या चकतीचा मज्जातंतूच्या मुळावर दाब आल्याने पायात उतरणारी कळ, म्हणजे सायटिका, उद्भवू शकते. तेव्हापासून चकती हीच कण्याच्या दुखण्याची मुख्य आरोपी ठरली.

परंतु हे निरीक्षण वेदनाग्रस्तांवरील होते. वेदना नसलेल्यांचा कणा कसा दिसतो, हा प्रश्न उरलाच होता. १९६८ साली हिट्सेलबर्गर व विटन यांनी, अन्य कारणासाठी कण्याच्या नलिकेचे चित्र घेतलेल्या ३०० व्यक्ती तपासल्या. त्यांना कण्याची कोणतीही तक्रार नव्हती. तरीही ३७ टक्के चित्रे सदोष आढळली.

नंतरच्या साधनांनी हा निष्कर्ष अधिकच दृढ केला. १९७१ साली लंडन येथे रुग्णावर प्रथम वापरल्या गेलेल्या सी. टी. स्कॅनने शरीराचे छेद दाखविले. एम. आर. आय. मध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या योगे शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन-केंद्रकांपासून संकेत मिळविले जातात. यामुळे पाण्याने भरलेली तरुण चकती विशिष्ट चित्रांत उजळ, तर वयोमानाने शुष्क झालेली काळसर दिसते. १९९४ साली जेन्सन व सहकाऱ्यांनी कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचे असे चित्रण केले, तेव्हा ५२ टक्के व्यक्तींत निदान एक चकती फुगलेली आढळली. २०१५ मधील एका संकलित अभ्यासानुसार, वेदनारहित व्यक्तींतही चकतीच्या झिजेचे प्रमाण विसाव्या वर्षी ३७ टक्के, तर ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के असते.

यावरून चित्र निरुपयोगी ठरत नाही. अस्थिभंग, अर्बुद वा जंतुसंसर्ग यांचा संशय असता, पायातील शक्ती उत्तरोत्तर क्षीण होत असता, किंवा मूत्रविसर्जनावरील ताबा सुटला असता प्रतिमाचित्रण तातडीने करावयास हवे. मिक्स्टर व बार यांचा शोधही खोटा ठरला नाही. मात्र चित्रातील दोष आणि रुग्णाच्या संवेदना, स्नायुबल व प्रतिक्षिप्त क्रिया यांच्या परीक्षेत आढळणारी लक्षणे एकाच मज्जातंतूकडे निर्देश करीत असतील, तरच त्या दोषास कारण मानणे युक्त होय.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अहवालातील ‘झीज’ हा शब्द वाचून रुग्ण वाकावयास व चालावयासही भितो, आणि त्या भीतीनेच त्याचे स्नायू दुबळे होत जातात. वयपरत्वे येणारा बदल कोणता व रोग कोणता, हे त्यास समजावून देणे हा उपचाराचाच भाग आहे.